समदुःखितांची सोबत

श्रोतेहो, घरांत मोठें दुखणें आलें म्हणजे दाराशीं तऱ्हतऱ्हेचीं माणसें येतात. डॉक्टर येतात, आप्तेष्ट येतात, शेजारीपाजारी येतात. पण एक माणूस क्वचितच येतो. त्याच्या हातांत औषधाची बाटली नसते कीं फळांची पिशवी नसते. तो खाटेजवळ बसतो आणि एवढेंच म्हणतो, "हें दुखणें मला झालें होतें." वैद्यकाच्या इतिहासांत डॉक्टरांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आज मी आपणांशीं बोलणार आहें तें या दुसऱ्या, क्वचित येणाऱ्या माणसाविषयीं.

विषय कर्करोगाचा आहे, आणि त्यांतहि साठी उलटलेल्या माणसांच्या कर्करोगाचा. मी कांहीं वैद्यकांतला जाणता नव्हें. बीड जिल्ह्यांत तीस-पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविणारा, जुना मॅट्रिक झालेला मास्तर मी. पण सनावळीचा नाद जन्माचा जडलेला. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, हें दुखणें झालें तेव्हां मला प्रश्न पडला कीं, या रोगाच्या माणसांना एकमेकांची सोबत मिळूं लागली ती केव्हांपासून आणि कशी? त्या शोधांत जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

आरंभ नांवापासूनच करूं. ग्रीक वैद्यांनीं गांठीभोंवतीं पसरलेल्या फुगीर शिरा पाहून या व्याधीस खेंकड्याचें नांव दिलें; आपला 'कर्करोग' हा शब्द त्याच कल्पनेवरून आला. सुश्रुतसंहितेंत अशा गांठींचें वर्णन 'अर्बुद' या नांवाखालीं आढळतें. आमच्या खेड्यांत मात्र कर्कहि नाहीं आणि अर्बुदहि नाहीं. 'त्यांना तसलेंच कांहीं तरी आहे म्हणे', एवढ्यावर बोलणें थांबतें. ज्या रोगाचें नांव घ्यावयाचें नाहीं, त्या रोगाविषयीं कोणाशीं बोलावयाचें तरी कसें?

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतींत ही लपवालपवी अधिकच होते. मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन हलक्या आवाजांत सांगतो, "त्यांच्या कानावर घालूं नका." हेतु चांगला असतो. परंतु ज्याचें दुखणें त्याला तें समजल्यावांचून राहत नाहीं. मग तोहि घरच्यांना वाईट वाटूं नये म्हणून न समजल्याचें सोंग घेतो. एकाच घरांत, एकाच ताटलींत जेवणारीं माणसें एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत बसतात. हें पाप मींहि केलें आहे. त्याची कथा पुढें येईल.

पाऊणशें वर्षांमागें आमच्या भागांतील रोग्यापुढें वाट तरी कोणती होती, तें पाहूं. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो मोकळा झाला. शस्त्रक्रियेसाठीं नांवाजलेलें ठिकाण म्हणजे मिरजेचें रुग्णालय. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं तें १८९४ सालीं सुरू केलें होतें. १८९७ सालीं बार्शीची अरुंद रुळांची छोटी आगगाडी धांवूं लागली; पुढें ती एका बाजूस लातूरपर्यंत व दुसऱ्या बाजूस पंढरपुरावरून मिरजेपर्यंत पोंचली, आणि बालाघाटाच्या डोंगराकडील माणसाला मिरज गांठणें शक्य झालें. खुद्द बीड शहरास आगगाडी लागण्यास मात्र २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला! दूरच्या रुग्णालयाची वाट आमच्या जिल्ह्यास किती काळ अवघड होती, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें गेलें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं दोराबजीहि गेले. आणि त्यांच्या विश्वस्त निधींतून ही संस्था उभी राहिली. आरंभीं तेथें खाटा ८० होत्या. १९५७ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें रुग्णालय आपल्याकडे घेतलें, व १९६२ पासून तें अणुशक्ति विभागाकडे आहे. इतिहासाच्या पुस्तकांत येथें यंत्रांचा आणि शस्त्रक्रियांचा पाढा वाचला जातो, आणि तो योग्यच आहे. मला मात्र या घटनेंत आणखी एक गोष्ट दिसते. जें दुखणें आपापल्या गांवीं एकट्याचें होतें, तें येथें शेंकडों माणसांचें झालें. जळगांवचा शेतकरी, रत्नागिरीची विधवा, बीडचा हमाल हे एकाच बांकावर आपापले कागद हातांत धरून बसूं लागले. ही सोबत कोणी योजिलेली नव्हती. ती रांगेंत जन्मली.

रांगेनंतर धर्मशाळा. संत गाडगे महाराजांनीं आपल्या हयातींत पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारल्या. २० डिसेंबर १९५६ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या नांवानें दादर येथें चाललेली धर्मशाळा आज परळच्या रुग्णालयांत येणाऱ्या परगांवच्या रोग्यांचा व त्यांच्या नातलगांचा मोठा आसरा आहे. यात्रेकरूची धर्मशाळा रोग्याची व्हावी, यांत मला कांहींच विपरीत वाटत नाहीं. दिंडींत चालणारा वारकरी शेजारच्या वारकऱ्याला वाट समजावून सांगत नाहीं. तो नुसता बरोबर चालतो, आणि पाय थकला तर थांबतो. धर्मशाळेच्या ओसरीवर संध्याकाळीं तेंच घडतें. तोंडास चव नसेल तर काय खावें, किरणांचे शेक घेतल्यावर कातडी काळवंडते ती कधीं उतरते, केंस पुन्हा येतात कीं नाहीं, हे प्रश्न डॉक्टरांपुढें विचारावयाचा धीर होत नाहीं. ते तेथें सहज विचारले जातात, आणि त्यांचीं उत्तरें देणारा माणूस समोरच भाकरी मोडीत बसलेला असतो.

आतां क्षणभर समुद्रापलीकडे जाऊं. कारण ही आपोआप जुळणारी सोबत हेतुपूर्वक जुळवितां येते, असें प्रथम दाखवून देणारे प्रयोग तिकडे झाले. १९०५ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत जोसेफ प्रॅट नांवाच्या डॉक्टरांनीं गरीब क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' काढला. रोगी आठवड्यांतून एकदां जमत, आपापल्या वह्यांत टिपलेली हकीकत दाखवीत. डॉक्टरांस असें आढळलें कीं, औषधोपचाराइतकाच एकमेकांच्या भेटीचा उपयोग होत आहे. मी जन्मभर वर्गावर उभा राहिलेला माणूस. दुखणाईतांनाहि वर्ग लागतो, हें वाचून मला मोठी गंमत वाटली.

कर्करोगाच्या क्षेत्रांत तें काम केलें एका सामान्य गृहिणीनें. न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर या बाईंचें स्तन १९५२ सालीं शस्त्रक्रियेनें काढावें लागलें. पुढें हात कसा हलवावा, कपडे कसे घालावेत, पतीशीं काय बोलावें, हें त्यांना कोणीहि सांगितलें नाहीं. म्हणून त्या स्वतःच रुग्णालयांत जाऊन त्याच शस्त्रक्रियेंतून उठलेल्या बायकांना भेटूं लागल्या; हाताच्या व्यायामासाठीं एक चेंडू व दोरी बरोबर नेत. कित्येक डॉक्टरांना हें रुचलें नाहीं. परवानगीवांचून खोलींत शिरतात म्हणून तक्रारी झाल्या. पण बाई हटल्या नाहींत. १९६९ सालीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें त्यांचें काम आपलें म्हणून स्वीकारलें, आणि पुढें तें अनेक देशांत पसरलें.

आपल्याकडेहि पावलें पडत होतीं. १९५१ सालीं डॉक्टर जस्सावाला आणि नवल टाटा यांनीं मुंबईस इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. १९६९ सालीं वाय. के. सप्रू यांनीं कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था काढली. १९९० नंतरच्या दशकांत वंदना गुप्ता यांनीं मुंबईंतच व्ही केअर ही संस्था सुरू केली, आणि येथें एक महत्त्वाचें वळण आलें. गुप्ता यांना स्वतःला कर्करोग झाला होता. त्यांच्या संस्थेंत रोगांतून उठलेलीं माणसें रोग्यांना भेटावयास जातात. तोंवरच्या संस्था मुख्यत्वें पैसा, औषधें, तपासणी अशी मदत देत. येथें अनुभव हीच मदत ठरली.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाहीं तर मीं आपणांस भलतीच आशा लावल्यासारखें होईल. अशा सोबतीनें आयुष्य वाढतें काय? १९८९ सालीं डेव्हिड स्पीगेल या अमेरिकन डॉक्टरांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग अंगभर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकीं कांहींना वर्षभर दर आठवड्यास एकत्र बसविण्यांत आलें. त्या सरासरीनें ३६.६ महिने जगल्या; ज्या एकत्र बसल्या नाहींत त्या १८.९ महिने जगल्या. जगभर मोठा गाजावाजा झाला. परंतु खरें शास्त्र पहिल्या टाळ्यांवर थांबत नाहीं. कॅनडांत २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा करण्यांत आला, आणि २००१ सालीं निष्कर्ष निघाला कीं, आयुष्य वाढत नाहीं. मात्र ज्यांच्या मनाला फार क्लेश होते त्यांचे क्लेश कमी झाले, आणि वेदनाहि कमी जाणवली. म्हणजे सोबत ही औषधाच्या जागीं बसत नाहीं. दिवस किती उरले हें तिच्या हातीं नाहीं. ते कसे जावेत, यांत तिचा हात आहे. माझ्या मतें एवढें कांहीं थोडें नव्हे.

इथवरची सारी कथा शहराची झाली. आतां आपल्या खेड्याकडे वळूं. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी आहे. तेथें १९८२ सालीं डॉक्टर बी. एम. नेने यांनीं नर्गिस दत्त यांच्या नांवानें कर्करोग रुग्णालय उभें केलें. १९८७ पासून टाटा मेमोरियलच्या साहाय्यानें बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवांची कर्करोगाची नोंदवही ठेवण्यांत येऊं लागली. ग्रामीण भागाची अशी ती आपल्या देशांतील पहिली नोंदवही. तिची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. शहरांत नोंद करणारा माणूस रुग्णालयांतील कागद चाळतो. खेड्यांत रुग्णालयच नसतें, मग कागद कोठले? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गांवोगांव फिरले, पारावर बसले, लक्षणें समजावून सांगितलीं, आणि शंका आली त्याला बोलावून घेतलें. कांहीं वर्षांतच असें दिसून आलें कीं, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लौकर, रोग आटोक्यांत असतांना, येऊं लागल्या आहेत. नुसत्या बोलण्यानें, रोगाचें नांव मोकळेपणानें घेतल्यानें, हा फरक पडला.

अशीच नोंदवही पुढें उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि बीड या दोन जिल्ह्यांची मिळून सुरू झाली. २०२० सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें देशांतील २८ नोंदवह्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. वयाचा हिशेब सारखा धरला तर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यांत वर्षाला दर लाख पुरुषांमागें २६९.४ नवे रोगी निघतात, उस्मानाबाद-बीडमध्यें ३९.५. स्त्रियांत अरुणाचलांतील पापुमपारे जिल्ह्याचा आंकडा २१९.८, आपला ४९.४. पुरुष घ्या कीं स्त्रिया घ्या, साऱ्या यादींत सर्वांत खालचा आंकडा आपल्या दोन जिल्ह्यांचा आहे.

हें ऐकून कोणासहि आनंद होईल; मलाहि झाला. अर्थात् जो रोगी तपासणीपर्यंत पोंचलाच नाहीं, तो आंकड्यांतहि येत नाहीं, हें विसरतां कामा नये. पण आंकडा आहे तसा खरा धरला, तरी त्याची दुसरी बाजू पहा. दोन हजार वस्तीच्या गांवांत वर्षाकाठीं असा एकादाच रोगी निघणार. एकाद्या वर्षीं तोहि नाहीं. मुंबईच्या रांगेंत ज्याला शेंकडों सोबती होते, तो गांवीं परतल्यावर साऱ्या शिवारांत त्याच्यासारखा दुसरा कोणी नाहीं. गांवाचें जें भाग्य, तेंच त्या एकट्या माणसाचें दुर्भाग्य होतें.

त्यांत आमच्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत, कारखान्यांच्या फडांवर लाखों माणसें जातात, आणि गळीत संपलें म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. गांवांत मागें राहतात तीं म्हातारीं माणसें आणि लहान मुलें. ज्या महिन्यांत दुखणाइताला आधार हवा, त्याच महिन्यांत घराला कुलूप असतें, आणि ओसरीवर एक म्हातारी बसलेली असते.

सांगणारा जाणता माणूस जवळ नसला म्हणजे भीति काय करते, याचाहि दाखला आमच्याच जिल्ह्यांत आहे. २०१९ सालीं विधान परिषदेच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाल्याचें नमूद केलें. त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें होतें. कारणें अनेक होतीं. फडावरचे कष्ट होते, गरिबी होती. पण कित्येकींनीं सांगितलें कीं, पिशवी काढली नाहीं तर कॅन्सर होईल, अशी धास्ती त्यांना घालण्यांत आली होती. त्या वेळीं शेजारीं बसून, "बाई, घाई करूं नको, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, मीं या वाटेनें जाऊन आलें आहें," असें म्हणणारी एक जरी असती!

आतां माझी कथा. आक्का केज तालुक्यांतील एका खेड्यांत राहते. २०२० च्या आरंभीं तिच्या स्तनांत गांठ निघाली. वय तेव्हां सत्तरीच्या घरांत. आम्ही तिला शहरांतील एका रुग्णालयांत नेलें. कर्करोग ठरला. मीं डॉक्टरांना बाहेर नेलें आणि जें हजारों भाऊ सांगतात तेंच सांगितलें. आक्काला म्हणालों, "साधी गांठ आहे, काढून टाकतील." ती कांहींच बोलली नाहीं. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशीं मी चहा घेऊन आलों, तों तिच्या खाटेवर बार्शीकडच्या एक साठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनीं आपल्या पदराखालची सपाट बाजू आक्काला दाखविली होती, आणि म्हणत होत्या, "अक्का, मलाबी कॅन्सरच होता. सहा वर्सं झालीं. आजून नातवाला भाकरी करून घालते." मला इतका संताप आला कीं, मीं त्या बाईंना तेथून जावयास सांगितलें. आक्का माझ्याकडे पाहून म्हणाली, "बसूं दे त्यांना. तूं जा बाहेर." साठ वर्षांत ती माझ्याशीं अशी कधीं बोलली नव्हती. मी बाहेर गेलों. दरवाजाआडून मला तिचें रडणें ऐकूं आलें, आणि थोड्या वेळानें हंसणेंहि ऐकूं आलें.

पुढें मार्च महिन्यांत टाळेबंदी आली. त्या काळांत देशांतील कर्करोग्यांचे किती हाल झाले, याची मोजदाद झालेली आहे. ४१ कर्करोग केंद्रांत २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत १,१२,२७० नवे रोगी आले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत आले अवघे ५१,७६०. बाकीचे आपापल्या घरीं दुखणें घेऊन बसले. आक्काचे किमोचे फेरे लांबले. हात सुजला. डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला होता, पण ती करीना. तेव्हां बार्शीच्या त्या बाई मोबाईलवरून तिच्याशीं बोलूं लागल्या. भिंतीला तोंड करून उभें राहावयाचें, पालीसारखीं बोटें भिंतीवर वर वर चढवावयाचीं, आणि जेथपर्यंत हात पोंचेल तेथें कोळशानें रेघ ओढावयाची. उद्यां रेघ वर गेली पाहिजे. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर त्या रेघा अजून आहेत. लॅसरबाईंच्या चेंडूची आणि दोरीची हकीकत मीं पुढें वाचली, तेव्हां मला त्या कोळशाच्या रेघांचीच आठवण झाली.

त्याच उन्हाळ्यांत माझ्या मुलानें या दोघींना आणि रुग्णालयांत ओळख झालेल्या आणखी नऊ जणांना व्हॉट्सॲपच्या एका गटांत एकत्र केलें. सगळीं साठीच्या पुढचीं. कित्येकांना वाचतां येत नव्हतें, म्हणून सारा व्यवहार आवाजाच्या निरोपांतून चाले. साठीच्या माणसाला यंत्र जमत नाहीं, असें तरुण मंडळी म्हणतात. पण गरज लागली म्हणजे जमतें. एका आजोबांच्या जबड्याचा भाग तंबाखूपायीं काढलेला. त्यांना स्पष्ट बोलतां येत नसे. ते रोज सकाळीं वाटीवर चमच्याचे दोन ठोके वाजवून पाठवीत. 'मी आहें', एवढाच त्याचा अर्थ. मग एकेक जण आपापला निरोप पाठवी.

या नव्या साधनाला धोके नाहींत असें नाहीं. एके दिवशीं कोणी एक झाडपाल्याचा रामबाण उपाय पाठविला. किमो सोडा आणि हें घ्या, असा सल्ला. गटांत एक निवृत्त कंपाउंडर होते. त्यांनीं विचारलें, "ज्याला गुण आला त्याचें नांव-गांव सांगा, मी फोन करतों." नांव-गांव आलें नाहीं. त्या दिवसापासून गटानें नेम केला कीं, अनुभव सांगावयाचा, धीर द्यावयाचा, पण औषध डॉक्टरांचें. दुसराहि एक नेम आपोआप पडला. कोणी रडलें तर त्याला 'रडूं नका' म्हणावयाचें नाहीं.

आणि तिसरी गोष्ट, जिला नेम नाहीं. पुढच्या वर्षीं माघांत एके सकाळीं वाटीचे ठोके आले नाहींत. दुसऱ्या दिवशींहि आले नाहींत. तिसऱ्या दिवशीं आजोबांच्या सुनेचा निरोप आला. मला वाटलें, आतां आक्का खचणार. हिला यांत घातलें हीच चूक झाली. मी लगोलग तिच्या गांवीं गेलों. ती चुलीपाशीं बसली होती. मीं विचारलें, "गट बंद करूं या का?" ती म्हणाली, "कशाला? त्यांची सून एकटी पडली असंल. तिला घे आत." आणि आपल्या हातानें वाटीवर चमच्याचे दोन ठोके वाजवून तिनें ते गटांत पाठविले.

श्रोतेहो, इतिहासाचा मास्तर म्हणून या साऱ्यांतून मला एक सूत्र दिसतें. परळची रांग, धर्मशाळेची ओसरी, लॅसरबाईंची दोरी, बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं बसविलेला पार, आणि आजचा मोबाईल, हीं साधनें बदलत गेलीं. पण काम एकच, जो एकटा पडला त्याला त्याच्यासारखा दुसरा गांठून देणें. ज्या जिल्ह्यांत रोगी थोडे आणि गांवें दूर, तेथें हें काम आपोआप होत नाहीं, तें जाणून-बुजून करावें लागतें. आमच्या अंबाजोगाईस १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. संभाजीनगरास शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी जवळ आहे. अशा ठिकाणाहून घरीं परतणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या रोग्याच्या हातांत औषधांच्या चिठ्ठीबरोबर, त्याच रोगांतून उठलेल्या एका राजीखुषीच्या माणसाचा फोन नंबर गेला, तर त्याला खर्च कितीसा येणार?

आपणांपैकीं ज्यांना हा रोग झाला होता आणि जे त्यांतून उठले आहेत, त्यांना माझी एक विनंति आहे. आपण ती गोष्ट लपविली असेल, विसरावयाचा यत्न केला असेल. तो आपला अधिकार आहे. पण ओळखींत कोणी म्हातारें माणूस नुकतेंच त्या वाटेला लागल्याचें समजलें, तर एकदां त्याच्याशीं बोला. फार उपदेश नको. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, आणि आपणांस तें कळलेलें आहे, एवढें त्याला समजलें म्हणजे पुरे. आणि जे माझ्यासारखे नुसते भाऊ, मुलगे, सुना आहेत, त्यांना सांगणें इतकेंच कीं, असें कोणी खाटेवर येऊन बसलें तर त्याला उठवूं नका. आपण थोडें बाहेर जा.